नाजूक पाठीची घोडी आणि सॅडल पॅड: फिटिंग न बिघडवता काय निवडलं, का निवडलं

घोडी सात वर्षांची, थरोब्रेड, रंग चेस्टनट, उंची १५.३ हँड, म्हणजे खांद्यापाशी साधारण सव्वापाच फूट. रेस खेळून झालेली, आता पुण्याच्या पश्चिमेला मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका छोट्या पागेत राहते. मालकीण आयटीत नोकरी करणारी, आठवड्यातून चार-पाच वेळा सकाळी ऑफिसच्या आधी येऊन रपेट मारते, थोडं फ्लॅटवर्क (उड्यांशिवायचा सराव), अगदी छोट्या उड्या, नाहीतर शेताच्या बांधाने हॅक. मी तिथे शिकवते आणि घोड्यांच्या सामानाचं बघते, म्हणून हे सगळं माझ्याकडे आलं. पाठ नाजूक असलेल्या घोड्यासाठी कुठला पॅड, म्हणजे सॅडलखाली घालायची गादी, घ्यावा हा प्रश्न मला इतक्या जणांकडून येतो की हे एक प्रकरण नीट सविस्तर लिहूनच टाकते.

जानेवारीत या घोडीची सॅडल फिट करून घेतलेली होती. लोकर भरलेले पॅनेल (सॅडलच्या खालच्या, पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्या), पुढची गलेट प्लेट (सॅडलची पुढची रुंदी ठरवणारी कमान) बदलता येणारी, आणि फिटिंग बघताना खाली एक पातळ सुती पॅड होता. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचाच सगळा खेळ आहे. मे संपेपर्यंत काही तक्रार नव्हती. पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या सुमारास घोडी बदलली. खराऱ्याचा हात सॅडलच्या जागेवर आला की कातडी थरथरायची, सॅडल घेऊन येताना दिसली की कान मागे, तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना मान वळवून दातांचा धाक दाखवायची, आणि ट्रॉटच्या (दुडक्या चालीच्या) पहिल्या काही मिनिटांत पाठ खाली दाबून डोकं वर काढून चालायची. मुळात ही घोडी प्रेमळ आहे, म्हणजे तिच्या ठाणात लहान मूल जाऊन उभं राहिलं तरी काळजी नाही, त्यामुळे ती असं करतेय म्हणजे तिला खरंच काहीतरी होतंय हे उघड होतं.

मालकिणीने जे केलं ते घोड्यावर माया असलेला कुणीही करेल. पाठ दुखतेय ना, मग मऊ काहीतरी घालूया. आधी पातळ सुती पॅडच्या जागी आतून सिंथेटिक फ्लीस असलेला जाड चौकोनी पॅड आणला, आणि त्यावर जेलचा हाफ पॅड (फक्त सॅडलखाली बसणारा छोटा, जास्तीचा पॅड). दुकानात सांगितलं की सेन्सिटिव्ह घोड्यांना हाच देतात. पहिले एक-दोन दिवस घोडी खरंच बरी वाटली, आणि मग आधीपेक्षा वाईट झाली. आता सॅडल ट्रॉटमधे डावी-उजवी डोलायला लागली, तंग दोन भोकं जास्त आवळायला लागला आणि कँटर (हलकी दौड) मागितला की घोडी मागचे पाय झाडायला लागली.

असं का होतं ते सांगते. फिट केलेल्या सॅडलच्या आत जागा ठरलेली असते. बरोब्बर मापाच्या बुटात जाड लोकरी मोजे घालून चाललात तर पायाला आराम मिळत नाही, बूट चावतो, तसंच हे आहे. पॅड ८ मिलिमीटर जाड असेल तर विदर्सच्या (मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या मधल्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजू मिळून १६ मिलिमीटर जागा तो खातो, आणि खांदा उतरता असल्यामुळे आडव्या मापात धरलं तर त्याहून थोडी जास्तच. म्हणजे ट्री (सॅडलचा आतला सांगाडा) जवळजवळ एका साइझने अरुंद केल्यासारखं झालं. मग ट्रीची पुढची टोकं खांद्याच्या फऱ्यामागच्या स्नायूंत रुततात, पुढचा भाग खाली बसू शकत नाही म्हणून वर उचलला जातो, स्वाराचं वजन मागे कमरेकडे सरकतं, आणि सॅडल पाठीपासून उंच गेल्यामुळे तिची पकड जाते, ती लोळायला लागते. लोळते म्हणून आपण तंग अजून आवळतो, तंग आवळला की पुढची टोकं अजून रुततात, आणि हे चक्र चालू राहतं. प्रेशर मॅट लावून हाफ पॅड तपासले गेलेत, त्यातही नीट बसणाऱ्या सॅडलखाली जेलचा पॅड घातला तेव्हा पुढच्या भागातला दाब वाढलेला दिसला. जेल हाताला मऊ लागतं, पण वजनाखाली ते नुसतं इकडून तिकडे सरकतं, आणि उष्णताही धरून ठेवतं.

तर मी पहिलं काय केलं, जेल आणि फ्लीस दोन्ही काढायला लावले आणि घोडीला स्वारीतून सुट्टी दिली, नुसतं हातात धरून चालवणं आणि लंज (लांब दोरीवर गोल फिरवणं), तेही सॅडलशिवाय. मग व्हेटना बोलावलं. हे पॅडच्या आधी यायलाच हवं, कारण पाठ दाबल्यावर घोडा दचकतो याची कारणं पाठीबाहेरही असतात. रेसच्या घोड्यांत पोटातला अल्सर फार कॉमन आहे आणि तंग आवळताना चावणं हे त्याचं लक्षण असू शकतं, घोडी माजावर असताना कमरेत हळवी होते, मणक्यांच्या वरच्या काट्यांची एकमेकांना टक्कर होत असेल तर जगातला कुठलाही पॅड उपयोगाचा नाही. व्हेटनी पाठ, पाय, दात सगळं बघितलं, कातडी खरवडून नमुना घेतला. पावसाळ्यात पुण्याच्या बाजूला बुरशी आणि पावसाचे खवले दोन्ही होतात, आणि एकाचा पॅड दुसऱ्याला घातला की अख्ख्या पागेत पसरतात. नमुना स्वच्छ आला. अल्सरचीही बाकी लक्षणं नव्हती, खाणं, लीद, वजन सगळं उत्तम. पाठीत मात्र दोन जागा दाबल्यावर दुखत होत्या, एक खांद्यामागे दोन्ही बाजूंना सारखी, ती जाड पॅडची देणगी, आणि दुसरी फक्त डावीकडे, मागच्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या थोडी अलीकडे. शिवाय वरच्या कातडीला नुसता हात फिरवला तरी थरथर, ती वेगळीच.

म्हणजे इथे एक नाही, तीन तक्रारी होत्या. सेन्सिटिव्ह हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण घोडा कशाला सेन्सिटिव्ह आहे ते कळल्याशिवाय पॅड निवडता येत नाही. दाबाला हळवा असेल तर उत्तर सॅडलमधे असतं. घासण्याला हळवा असेल तर पॅडच्या पृष्ठभागात आणि शिवणीत. गरमीला आणि घामाला असेल तर कापडात, आणि साबणाला असेल तर बादलीत.

पाठीची सूज आणि दुखणं उतरल्यावर सॅडल उघड्या पाठीवर ठेवून बघितली, खाली काहीच नाही. फिटिंग बघायची ती अशीच, आधी पॅडशिवाय, मग पॅडसकट. सॅडल थोडी पुढे ठेवून मागे सरकवली, ती आपोआप जिथे अडते तिथे सोडली. फऱ्याच्या मागे ट्रीची टोकं येतायत का, पॅनेल शेवटच्या म्हणजे अठराव्या बरगडीच्या पुढे संपतंय का, विदर्सवर स्वार बसल्यावर दोन-तीन बोटं जागा राहते का, दोन पॅनेलच्या मधल्या फटीत तीन-चार बोटं सहज मावतात का म्हणजे मणका मोकळा आहे का. सीटवर गोल पेन्सिल ठेवली, ती घरंगळत मधोमध येऊन थांबली. नंतर मुद्दाम फ्लीस आणि जेल घालून तीच पेन्सिल ठेवली तर ती सरळ मागे कँटलकडे, म्हणजे सीटच्या मागच्या उंच कडेकडे, गेली. मालकिणीला मी काही वेगळं समजावून सांगायची गरजच उरली नाही, तिने स्वतःच पुढच्या पॅनेलखाली हात घालून बघितला आणि घोडीला दोन पावलं चालवलं तर बोटं चेपली म्हणून पटकन बाहेर काढली.

मापं मात्र कागदावर घेतली. अप्पा बळवंत चौकात ड्रॉइंगच्या सामानात फ्लेक्सिबल कर्व्ह मिळतो, वाकवला की तसाच राहतो. तो फऱ्यामागे दोन बोटं अंतरावर विदर्सवरून ठेवून दाबायचा, अलगद उचलायचा आणि पुठ्ठ्यावर आतली रेघ मारायची. जानेवारीचा आकार आमच्याकडे होता. दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या तर फारसा फरक नव्हता, उन्हाळ्यात काम कमी झाल्यामुळे विदर्सच्या खालचा खळगा किंचित खोल झाला होता इतकंच. रेस सोडलेल्या थरोब्रेडमधे हा खळगा असतोच, विदर्स उंच आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू कमी. म्हणजे सॅडल मोठी झालेली नव्हती, लहानही नव्हती. जाड पॅडने भरून काढावी अशी मोकळी जागा तिथे नव्हतीच.

मग डावीकडची ती मागची जागा? सॅडल उलटी करून मांडीवर घेतली आणि पॅनेलवरून दोन्ही हातांचे अंगठे हळूहळू दाबत गेले. उजवं पॅनेल एकसारखं. डाव्या पॅनेलमधे मागे, बरोब्बर त्या दुखऱ्या जागेच्या वर, लोकरीची घट्ट गाठ हाताला लागली. लोकर भरलेल्या पॅनेलमधे हे होतं, घाम आणि दमटपणाने लोकर आवळून गोळा होते, आणि पहिल्या वर्षात ती बसतेसुद्धा. जेलने ही गाठ दोन दिवस झाकली म्हणून घोडी दोन दिवस बरी होती. सॅडलरने पॅनेलच्या चिरेतून लोकर मोकळी केली, थोडी नवी भरली, प्रश्न मिटला. इकडे चांगला सॅडलर मिळणं अवघड आहे हे मान्य, देशातलं घोड्याचं बहुतेक सामान कानपूरला बनतं, तिकडच्या सॅडलरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, पण बनवणं वेगळं आणि एखाद्या घोड्याच्या पाठीवर बसवून देणं वेगळं. तरीही पॅडवर पैसे टाकण्याआधी सॅडलरला शोधावा असं माझं ठाम मत आहे.

आता राहिली कातडी. आमच्या पागेत एक वयस्क मोतद्दार आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, आणि त्यांची बोटं जे सांगतात ते मी कुठल्याही पुस्तकाच्या आधी ऐकते. त्यांनी मालकिणीला बोलावलं, "ताई, इकडं या, हे बघा." चेस्टनट थरोब्रेडची लव इतकी बारीक असते की उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. मामांनी घोडीला दाराशी उजेडात तिरकी उभी केली आणि विदर्सच्या मागे बोट ठेवलं. तिथे केस तुटलेले होते, पण पसरून नाही, एका सरळ रेघेत, जवळजवळ आखल्यासारखे. आणि रेघेच्या वरच्या टोकाला पैशाएवढी जागा उघडी, खालची कातडी गुलाबी.

रेघ म्हणजे पॅडची कडा. जुना सुती पॅड आणून तिथे ठेवला तर कळलं, तो वर्षभर धुऊन धुऊन आटला होता आणि त्याची नायलॉनची पायपिंग आता सॅडलच्या बाहेर न राहता पॅनेलच्या खाली येत होती. आणि ती उघडी जागा? पॅड उलटा केला तर त्या जागी धुण्याच्या सूचनांचं नायलॉनचं लेबल, कडक, कोपरे टोकदार, सॅटिनच्या दोऱ्याने शिवलेलं. कुठल्या शहाण्याने ते पाठीच्या बाजूला लावलं माहीत नाही, पण लावतात, आणि भरतकामाचे लोगोसुद्धा लावतात, ज्यांची मागची बाजू गाठींनी भरलेली असते. नवीन पॅड घेतला की उलटा करून गालावरून फिरवा. गालाला जे टोचतं ते ६०-७० किलोच्या माणसाखाली तासभर घासलं तर काय होईल बघा. लेबल उसवून टाकायला शिवणाची कात्री आणि पाच मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट साबणाची. पावसाळ्यात पॅड वाळत नाहीत, वास येतो, म्हणून मालकिणीने घरी मशीनमधे डिटर्जंट जास्त घालून आणि वर कंडिशनर टाकून धुवायला सुरुवात केली होती. धुतलेला, कोरडा, सुगंधी पॅड मी एका बादलीत नुसत्या पाण्यात बुडवून पिळला तर फेस आला. घाम आला की हाच फेस घोडीच्या कातडीवर. कंडिशनरने अजून एक होतं, सुताची घाम शोषायची ताकद कमी होते, म्हणजे ज्या कामासाठी सुती पॅड घालतो तेच काम बंद. मामा म्हणाले, "ताई, लोकरीला आन् नाजूक कापडाला रिठा वापरायचा, आमच्याकडं तसंच करत्यात." रिठ्याचं पाणी चालतं, लोकरीला तर उत्तमच, पण रिठाही शेवटी फेसाळतोच, तोही नीट खळबळून काढायला लागतो. आम्ही ठरवलं की साबण निम्मा, कंडिशनर बंद, आणि शेवटच्या पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळायचं.

मामांनी अजून एक सुचवलं, घोंगडीची घडी. त्यामागे अनुभव आहे, दख्खनच्या पठारावर धनगरांच्या घोड्यांवर सामान लादतात तेव्हा खाली घोंगडी असतेच, आणि ते घोडे मैलोनमैल चालतात. पण तिथे ओझं बांधलेलं असतं आणि चाल संथ असते. इथे ट्री असलेली मापाची इंग्लिश सॅडल, वर ट्रॉटमधे उठबस करणारा माणूस, घडीची जाडी कडेला एक आणि मधे दुसरी, आणि घोंगडीची लोकर भरड, या बारीक लवेच्या घोडीला ती टोचली असती. मामांना हे सांगितलं, त्यांनी घोंगडीची कड स्वतःच्या मनगटावर घासून बघितली आणि मान हलवली.

आता पॅड निवडायची वेळ. आमचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं वाटलं तेच कळत नाही. आधी स्वाराशिवाय कापडाची चाचणी केली. घोडी ठाणात आरामात उभी असताना पाठीवर वेगवेगळ्या कापडांचे तळहाताएवढे तुकडे ठेवून वरून सर्सिंगल (अंगाभोवती बांधायचा पट्टा) सैल बांधला, आणि थोडा वेळ लंजवर चालवून घाम येऊ दिला. सिंथेटिक फ्लीसखाली कातडी लालसर आणि केस गुंतलेले. निओप्रीनखाली निथळता घाम, निओप्रीनमधून हवा जातच नाही, पुण्याच्या जुलैत ते घालणं म्हणजे पाठ उकडणं. साध्या सुती ट्विलखाली काहीच नाही. खऱ्या मेंढीच्या कातड्याखालीही काहीच नाही, उलट केस सगळ्यात सरळ तिथेच होते. नैसर्गिक लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा धरूनसुद्धा ओली लागत नाही, त्याचा हा परिणाम.

साहजिक मालकिणीचं मन शीपस्किनच्या हाफ पॅडवर गेलं. चांगली वस्तू आहे, यात वाद नाही. पण जाडी? शीपस्किन हातात घेतलं तर जाड दिसतं आणि सगळे म्हणतात की ते दबतं. किती दबतं ते मोजा ना. दोन फळ्यांमधे ठेवून वर माणूस उभा केला आणि कडेला पट्टी लावली, साधारण १० मिलिमीटर उरलं. सुती पॅड त्याच फळ्यांत ३ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे शीपस्किन घालायचं तर दोन्ही बाजू मिळून वीसेक मिलिमीटर जागा हवी, आणि जानेवारीच्या फिटिंगमधे ती नाही. पर्याय होता, गलेट प्लेट एक साइझ मोठी बसवून, सॅडल शीपस्किनसकट नव्याने फिट करून घ्यायची, आणि मग ती कायम शीपस्किनबरोबरच वापरायची. हे चुकीचं अजिबात नाही, बरेच जण असंच करतात. पण मग शीपस्किन धुतलेलं आणि ओलं असेल त्या दिवशी काय? मुळशीकडच्या पावसात शीपस्किन सावलीत वाळायला किती वेळ घेतं ते इथल्यांना सांगायला नको, उन्हात किंवा हीटरजवळ वाळवलं तर मागचं कातडं कडक होऊन तडकतं. त्या दिवशी नुसत्या सुती पॅडवर तीच सॅडल रुंद पडणार, पुढून खाली बसणार, विदर्सला टेकणार. उंच विदर्सच्या थरोब्रेडमधे ही जोखीम मला नको होती.

शिमचा पॅडही निघाला होता, खिसे असलेला, डावीकडे मागे जाड पट्टी घालायची वगैरे. पण डावीकडची गाठ सॅडलरने काढल्यावर शिमने भरायला काही उरलंच नव्हतं. शिम हा तात्पुरता उपाय आहे, स्नायू भरतायत आणि दर महिन्याला आकार बदलतोय अशा घोड्याला सॅडलर येईपर्यंत तो चालतो. कारण नसताना घातला तर तो स्वतःच दुखण्याचं कारण होतो.

शेवटी घेतला तो पातळ सुती पॅडच, पण नीट बघून. बाहेरून आणि आतून दोन्हीकडे सुती ट्विल, कारण बरेच पॅड वरून सुती आणि आतून पॉलिस्टर असतात, आत बोट घालून बघावं लागतं. भरण पातळ, क्विल्टिंगचे चौकोन मोठे आणि शिवण सपाट. मणक्यावरची मधली शिवण सरळ नाही, विदर्सच्या जागी वर चढलेली आणि मागे उतरलेली. हे उंच विदर्सच्या घोड्याला फार महत्त्वाचं आहे, सरळ कापलेला पॅड तंग आवळला की विदर्सवर ताणून बसतो आणि सॅडलच्या गलेटमधे कितीही जागा असली तरी पॅडच विदर्स दाबतो. आकार इतका मोठा की सॅडलच्या चारी बाजूंना कमीत कमी ४-५ सेंटिमीटर बाहेर राहील, धुऊन आटला तरी कडा पॅनेलखाली येणार नाही. विकत घेतल्याबरोबर दोनदा नुसत्या पाण्यात धुतला, म्हणजे कारखान्याची खळ निघाली आणि जे आटायचं ते आधीच आटलं. लेबल उसवलं. बिलेटचे पट्टे (तंग अडकवायच्या वाद्यांना पॅड धरून ठेवणारे) ठेवले पण वेल्क्रो कापून टाकला, तो पॅनेलच्या पुढच्या टोकाखाली येत होता. असे तीन घेतले, सगळे एकसारखे, कारण पावसाळ्यात एक अंगावर, एक वाळत आणि एक कोरडा असं लागतंच, आणि तिन्हींची जाडी सारखी असेल तरच फिटिंग सारखं राहतं. त्या तिघांची किंमत मिळून एका चांगल्या शीपस्किनच्या जवळपासही गेली नाही.

पॅड घालायची पद्धतही बदलली. विदर्सच्या बराच पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवायचा, पुढे ओढायचा नाही, केस उलटे होतात. सॅडल ठेवल्यावर पॅडचा पुढचा भाग हाताने वर गलेटमधे खेचून द्यायचा, विदर्स आणि पॅडमधून उजेड दिसला पाहिजे. मगच तंग, एकदम नाही, दोन-तीन टप्प्यांत, मधे घोडीला चार पावलं चालवून.

मग पडताळणी. पावसाळ्यात घामाचे डाग बघून काही कळत नाही, हवा इतकी दमट असते की पाठ सगळीच ओली. म्हणून मांजरपाटाचा एक पातळ पांढरा तुकडा पाठ आणि पॅडच्या मधे घातला, घोडी मुद्दाम खरारा न करता थोडी धुळकट ठेवली, आणि वीसेक मिनिटं तिन्ही चालींत चालवली. कापड काढून अंगणात पसरलं तर दोन्ही बाजूंना मळकट पट्टे एकसारखे, मधे मणक्याची पट्टी स्वच्छ पांढरी, मागे डावीकडे आधीची जागा आता बाकीच्यांसारखीच. पुढे खांद्यामागे गडद ठिपका नाही. पेन्सिलही परत मधोमध. घोडीच्या पाठीवरचे केस खालून वर बघितले, कुठे उलटे नाहीत, कुठे भोवरा नाही.

घोडी लगेच शहाणी झाली असं मात्र नाही. सॅडल दिसली की कान मागे करणं बराच काळ चालू राहिलं, दुखणं गेलं तरी आठवण राहते, आणि हे मालकिणीला धीराने घ्यायला लागलं. तिने रोज सॅडल घालायच्या आधी पाठीवर सपाट हाताने हलका दाब देत फिरवायचा नेम ठेवला, मामा शेजारी उभे राहून गाजर देत. खांद्यामागची थरथर आधी गेली, मग तुटलेल्या केसांच्या जागी नवीन लव आली. ती उघडी जागा मात्र पांढऱ्या केसांनी भरली. केसाच्या मुळाला इजा झाली की तिथे पांढरे केस येतात, ते आता तसेच राहतील.

डिसेंबरमधे थंडीची लव वाढली आणि टेकडीवरच्या चढाच्या कामाने विदर्सच्या बाजूचे खळगे भरायला लागले तेव्हा पुन्हा कर्व्ह घेतला. यावेळी रेघ स्पष्ट रुंद आली. गलेट प्लेट एक साइझ मोठी बसवली आणि त्यावर तोच सुती पॅड, बसतंय अगदी छान. मालकिणीने विचारलं, आता प्लेट मोठी झाली तर शीपस्किन घालता येईल का? नाही, कारण प्लेट मोठी झाली ती घोडी रुंद झाली म्हणून, आतली मोकळी जागा जेवढी होती तेवढीच आहे. जेलचा पॅड तिने विकला. फ्लीसचा पागेतल्या एका म्हाताऱ्या गेल्डिंगकडे (खच्ची केलेल्या घोड्याकडे) गेला, त्याची कातडी जाड, पाठ वयाने उतरलेली, सॅडल त्याला खरंच रुंद पडते आणि नवीन सॅडल घ्यायची त्याच्या मालकाची तयारी नाही, तिथे भरायला जागा आहे. मार्चमधे लव गळून उन्हाळा सुरू झाला की घोडीचा कर्व्ह परत घ्यायचा आहे, तेव्हा सॅडलरलाही बोलावलंय, डावं पॅनेल परत दाबून बघायला.